परखड लिहा म्हणता, पाठीशी कोण?

मराठीत समीक्षाच उरली नाही, रविवारच्या पुरवण्यांत येतात ते नुसते पुस्तक परिचय, ही तक्रार इथे लंडनमध्ये बसूनही सतत कानावर येते. तक्रार खोटी नाही. पण तिचा सगळा रोख परीक्षण लिहिणाऱ्यावर असतो, ते मला पटत नाही.

तीनशे पानांच्या कादंबरीवर आठशे शब्द लिहायचे, तर ती एकदा वाचकासारखी वाचायची आणि मग पेन्सिल घेऊन पुन्हा. लेखकाची आधीची पुस्तकं काढायची, अवतरण मूळ पानाशी ताडून बघायचं, कथानक किती उघड करायचं ते ठरवायचं. हे सगळं नोकरी सांभाळून, रात्री जागून. याबद्दल आपल्याकडे बहुतेकदा हातात पडतं ते परीक्षणासाठी आलेलं पुस्तक. मानधनाचं विचारायलाही माणूस संकोचतो.

इथल्या एका छोट्या नियतकालिकात मी अधूनमधून लिहिते. पैसे बेताचेच, पण आधी ठरतात आणि मागावे लागत नाहीत. मला त्याहून मोलाचं वाटतं ते संपादकांचं वाचन. एका कादंबरीबद्दल मी 'उत्तरार्ध रेंगाळतो' असं लिहिलं होतं. समासात प्रश्न आला: नेमका कुठून? पुन्हा वाचायला बसले. आजी जाते त्या प्रकरणापासून घरातली भांडणं मिटतात, सगळेच एकमेकांशी समजुतीनं बोलू लागतात. तिथून! ते एक वाक्य घातलं आणि नुसत्या शेऱ्याला आधार मिळाला.

परदेशात सगळं आलबेल आहे, असं मुळीच नाही. अमेरिकेत 'वॉशिंग्टन पोस्ट'नं 'बुक वर्ल्ड' ही स्वतंत्र पुरवणी २००९ मध्ये बंद केली. लंडनच्या 'टाइम्स लिटररी सप्लिमेंट' या पुस्तक परीक्षणांच्या नियतकालिकात तर १९७४ पर्यंत परीक्षणाखाली नावच नसे. कष्ट कोणाचे, हे वाचकाला कळायचंच नाही. आणि आपली परंपराही काही कमी नाही. 'विविधज्ञानविस्तार' हे मासिक १८६७ चं. वसंत दावतरांनी तर 'आलोचना' हे केवळ समीक्षेला वाहिलेलं मासिक चालवलं.

आपलं साहित्यविश्व लहान आहे. ज्याच्या पुस्तकावर लिहायचं तो पुढच्याच प्रकाशन समारंभात शेजारच्या खुर्चीवर भेटतो. म्हणून परीक्षकाच्या पाठीशी संपादकानं उभं राहायला हवं, आणि कथेला मानधन देणाऱ्यानं परीक्षणालाही ते द्यायला हवं. पुण्यातल्या माझ्या एका स्नेह्यांनी एका कवितासंग्रहावर परखड पण साधार लिहिलं. कवीनं अबोला धरला, ते एक वेळ समजू शकतं. पण संपादकांनीही त्यांच्याकडे पुस्तकं पाठवणं बंद केलं. असा माणूस पुढच्या वेळी परिचयच लिहील, आणि मी तरी त्याला दोष देणार नाही.