जतच्या पोरींना वसतिगृह द्या

सांगली जिल्ह्यातल्या मुली आणि शाळा सुटलेली मुलं आयटीआयकडे का वळत नाहीत, असं एका लेखात विचारलंय. वळतात हो, टिकत नाहीत! वेल्डरच्या कोर्सला आठवी पास चालतं, कमाल वयाची अट नाही, मुलींना ३० टक्के जागा राखीव आहेत. पण परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते, आणि जत तालुक्यातली कितीतरी घरं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला बाहेर पडतात. मग पोरगी फिटरचं शिक्षण अर्धवट टाकून धाकट्या भावंडांना सांभाळायला कोपीवर (ऊसतोडीच्या ठिकाणच्या झोपडीवर) जाते. तिला निदान हंगामापुरती राहण्या-जेवणाची सोय करून द्या, ती थांबेल. नुसती फी माफ करून भागत नाही. कर्मवीर अण्णांनी (भाऊराव पाटलांनी) हे कधीच ओळखलं होतं. १९२४ साली त्यांनी साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारं वसतिगृह काढलं, ते उगाच नाही.

लग्न झालेल्या, लेकरं असलेल्या बायकांसाठी संध्याकाळची बॅच हवी, आणि वर्कशॉपजवळ स्वच्छ संडास. (हे अजून मागावं लागतं याचं वाईट वाटतं.) कुपवाड-पलूसच्या कारखानदारांनाही कळकळीची विनंती: मुलगी अप्रेंटिस म्हणून आली की तिला लेथ मशीनवर उभं करा, स्टोअरमध्ये वह्या लिहायला बसवू नका.