नाव कमी केल्याचा दाखला

आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर परवा एकाने लिहिलं, "अमेरिकेत बघा, एक बटण दाबलं की बोगस बाहेर. आपण मात्र 'लाडकी बहीण'च्या दीड हजारासाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या फुकट्यांना पोसतोय." खाली लगेच अंगठे आणि टाळ्या. मग माझं नाव घेऊन, "तू सांग रे, तू तिकडे हेच काम करतोस ना?"

हो, हेच करतो. तेरा वर्षं झाली. एका राज्य सरकारची जुनी पात्रता प्रणाली नव्या प्रणालीवर न्यायची, हे आमच्या टीमचं काम. राज्याचं नाव लिहीत नाही, नोकरी आहे. फूड स्टॅम्प (अन्नासाठीची मदत), मेडिकेड (गरिबांचा सरकारी आरोग्य विमा), रोख मदत यांना कोण पात्र, किती रकमेला आणि कधीपर्यंत, हे ती प्रणाली ठरवते. ग्रुपवर मी एवढंच लिहिलं की असं काही बटण नसतं. त्यावर उत्तर आलं, "तू डॉलरमध्ये कमावतोस, तुला इथलं काय कळणार!" मी फोन बाजूला ठेवला आणि बाहेर जाऊन ड्राइव्हवेवरचा बर्फ ओढत बसलो. पण ते वाक्य डोक्यातून जाईना.

त्या मित्राला वाटतं की सिस्टिम नवी करायची म्हणजे चोर पकडणारं यंत्र बसवायचं. तो भाग सगळ्यात सोपा आहे. दोन याद्या एकमेकींवर ठेवायच्या आणि जुळलेली नावं बाहेर काढायची, हे काम कॉलेजातलं पोरगंही करील. अवघड काम त्याच्या पुढे सुरू होतं. ज्या माणसाचे पैसे थांबवायचे त्याला ते आधी कसं सांगायचं?

गेली दोन वर्षं मी फक्त नोटिसांवर काम करतोय. जुन्या मेनफ्रेम संगणकावरून निघणाऱ्या पत्रात कारणाच्या जागी एकच ओळ छापून यायची, "सहकार्य न केल्यामुळे." म्हणजे नक्की काय केलं नाही? पगाराची चिठ्ठी जोडली नाही, की सही राहिली, की फोन उचलला नाही? नव्या पत्रात काय बदलतंय, कोणत्या तारखेपासून, आम्ही तुमचं उत्पन्न किती धरलं, कोणत्या नियमाने नाकारलं आणि हे पटत नसेल तर कोणत्या तारखेच्या आत सुनावणी मागायची, हे सगळं असावं लागतं. त्यातल्या एका वाक्यावर आम्ही चौघं आठवडाभर भांडलो. आकडा आधी छापायचा की नियम आधी, एवढाच वाद होता. मला तो वाद महत्त्वाचा वाटत होता, अजूनही वाटतो.

ही शिस्त अमेरिकेला कुणी दयेपोटी दिलेली नाही. न्यूयॉर्कमधली सरकारी मदतीवर जगणारी माणसं कोर्टात गेली आणि १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मदत तोडण्याआधी त्या माणसाचं म्हणणं ऐकावंच लागेल. गोल्डबर्ग विरुद्ध केली असं त्या खटल्याचं नाव. म्हणून आजही मेडिकेड किंवा फूड स्टॅम्प मध्येच थांबवायचं तर साधारणपणे किमान दहा दिवस आधी नोटीस जावी लागते, आणि वेळेत सुनावणी मागितली तर निकाल लागेपर्यंत मदत चालू राहू शकते. ग्रुपवरच्या मित्राला अमेरिकेकडून काही घ्यायचंच असेल तर त्याने हे घ्यावं.

आता आमच्या घरातलं सांगतो. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाजवळचं आमचं गाव. काकू विधवा आहे, वय बासष्ट. 'लाडकी बहीण' सुरू झाली तेव्हा जुलै २०२४ पासूनचे महिन्याला दीड हजार तिच्या खात्यात यायला लागले. त्या पैशातून ती गुडघ्याची गोळी आणायची, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या पोरींच्या हातावर काहीतरी ठेवायची. २०२५ च्या जूनपासून पैसे आले नाहीत. कुणी सांगितलं नाही, कागद आला नाही. पासबुक भरून आणलं तेव्हा तिला कळलं की एन्ट्री पडलेली नाही. मग दोन महिने बँक, सेतू केंद्र, पुन्हा बँक.

सरकारनेच नंतर जाहीर केलं की छाननीत २६ लाखांहून जास्त लाभार्थी सकृद्दर्शनी अपात्र आढळले आणि त्यांचा लाभ तात्पुरता थांबवला. त्यात चौदा हजारांवर पुरुष निघाले. ते पैसे वसूल व्हायला हवेत, यात माझं कुणाशी भांडण नाही. पण 'सकृद्दर्शनी' या शब्दाचा अर्थ अजून नक्की झालेलं नाही असाच ना? मग आधी थांबवायचं आणि मागून तपासायचं, हा क्रम कुठून आला?

काकूचं नाव का गेलं ते आजही आम्हाला नक्की माहीत नाही. आम्ही धरून चाललोय ते कारण असं. आप्पांना डायलिसिसला धुळ्याला न्यावं लागायचं, म्हणून मी पैसे पाठवले आणि धाकट्या भावाने जुनी व्हॅगनार घेतली. गाडी त्याच्या नावावर आहे. रेशनकार्ड सगळ्यांचं एकच. चारचाकीवाल्यांची यादी घेऊन अंगणवाडीताई येऊन गेल्या, असं वहिनी सांगते. वहिनीचं नाव गेलं ते नियमाला धरूनच गेलं, नवऱ्याची गाडी आहे. पण जुलै २०२४ च्या शासन निर्णयात कुटुंबाची व्याख्या केलेली आहे, पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुलं. पुतण्या त्यात कुठे बसतो? नियम एका बाईचा विचार करतो आणि यादी अख्ख्या कार्डाचा, तर काकूसारखी बाई मधल्या मध्ये गळणारच.

हे मी इतक्या खात्रीने लिहितो, कारण अगदी हीच चूक इथे अमेरिकेत झालेली आहे. कोरोनाच्या काळात मेडिकेडवरून कुणाला काढायचं नाही असा नियम होता. एप्रिल २०२३ पासून पुन्हा छाननी सुरू झाली. कित्येक राज्यांच्या प्रणाली आपोआप नूतनीकरण करताना माणसागणिक न बघता घरागणिक बघत होत्या. आई-बापाचा कागद अपुरा म्हणून पोरंही बाहेर, जरी पोरांची उत्पन्नमर्यादा वेगळी असली तरी. त्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने राज्यांना पत्र लिहून हे तपासायला लावलं आणि जवळपास पाच लाख लोकांना, त्यात कित्येक लहान मुलं, पुन्हा आत घ्यावं लागलं. त्या शरद ऋतूत आमच्या टीमने शनिवार-रविवार पाहिले नाहीत.

तेव्हा मित्राला वाटतो तसा हा देश काही सगळं बरोबर करत नाही. त्याच छाननीत अडीच कोटींच्या आसपास माणसं मेडिकेडबाहेर गेली, आणि त्यातली जवळजवळ सत्तर टक्के अपात्र ठरली म्हणून गेली नाहीत, कागदपत्रांची पूर्तता झाली नाही म्हणून गेली. मिशिगनमध्ये २०१३ ते २०१५ या काळात बेकारभत्त्याच्या यंत्राने जवळपास चाळीस हजार लोकांना चुकीने फसवणूक करणारे ठरवलं होतं. इंडियानाने २००६ मध्ये दहा वर्षांचा मोठा करार करून सरकारी मदतीची सगळी व्यवस्था कॉल सेंटर आणि संगणकावर नेली आणि २००९ मध्ये तो करारच मोडला. एक बटण दाबायचा प्रयोग इथे करून झालाय. त्याचं काय झालं हे कळायला ग्रुपवर कुणाला माझी गरज नाही, शोधलं की सापडतं.

आणि आपल्याकडे यंत्र नाही असं तर कुणी म्हणूच नये. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला दिलं गेलं ते नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीला, आमच्यापासून फार लांब नाही. मी पुण्यात होतो, कॅन्टीनच्या टीव्हीवर पंतप्रधान आपल्या भागात आलेले बघून मी सगळ्यांना ओरडून सांगितलं होतं की हे आमच्याकडचं आहे. खूप अभिमान वाटला होता. पंधरा वर्षांनी, २०२५ च्या सप्टेंबरात, लाडकी बहीणसाठी ई-केवायसी आली. बाईचं आधार, मग नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार, त्यांच्या मोबाइलवरचा ओटीपी. काकूचा नवरा आणि वडील दोघंही वारलेले. अशा बायकांसाठी वेगळी सोय नंतर केली गेली. ती आधी का सुचली नाही? खानदेशातल्या कुठल्याही गावात चार दारं वाजवली असती तर पहिल्याच गल्लीत अशी बाई भेटली असती.

यातलं काही मी ग्रुपवर लिहिलं नाही. "तुला इथलं काय कळणार" हे मला लागलं, आणि का लागलं त्याचा विचार नंतर बरेच दिवस केला.

२०२३ च्या सुरुवातीला आमच्याकडची माणसं कमी होत होती. व्हिसावर असलेल्याची नोकरी गेली की साठ दिवस हातात असतात. एका रात्री मी टेस्टसाठी ठेवलेल्या प्रणालीत माझंच घर भरून पाहिलं. उत्पन्न शून्य टाकलं. मुलगी इथे जन्मलेली, ती पात्र ठरली. मी आणि बायको अपात्र. इतकी वर्षं कर भरतोय, ग्रीन कार्डच्या रांगेत आहे, आणि मी स्वतः तपासलेला नियम मला दुसऱ्याच स्क्रीनवर बाहेर काढत होता. खाली नोटीस तयार झाली. कारण लिहिलेलं होतं, नियमाचा क्रमांक होता, सुनावणीची मुदत होती. माझ्याच हातची वाक्यं. मी ती पुन्हा पुन्हा वाचली आणि मग नोंद पुसून टाकली. बायकोला आजवर सांगितलेलं नाही.

त्याआधी चार वर्षं गावच्या रेशनकार्डावरूनही माझं नाव निघालं होतं. पुरवठा कार्यालयात कुणीतरी भावाला सांगितलं, जो माणूस इथे राहतच नाही त्याचं धान्य कशाला चालू ठेवता. बरोबरच होतं ते. तरी मी भावाला फोनवर नको ते बोललो. "मला विचारायचं तरी." तो म्हणाला, "दादा, तू सहा वर्षांत तीनदा आलास." त्याने मला नाव कमी केल्याच्या दाखल्याचा फोटो पाठवला. माझं पूर्ण नाव, कारणाच्या जागी 'परदेशी स्थलांतर', तारीख, सही, गोल शिक्का. तो फोटो मी फोनमध्ये जपून ठेवलाय.

परवा रविवारी काकूशी बोलणं झालं. बोलता बोलता तिने पुन्हा तेच विचारलं, "भाऊ, मन्हं नाव काबर काढं रे? तुले समजनं का काही?" मी म्हटलं, काकू, तुला काही कागद दिला असेल तर फोटो पाठव, मी बघतो. ती उठली. पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला. वहिनीने एकेक कागद कॅमेऱ्यासमोर धरला: आधार, पासबुक, काकांच्या मृत्यूचा दाखला, अर्जाची पावती. पेटीत एवढंच होतं.