छोट्या शाळेच्या खाजगी चर्चामंचाविषयीच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार,

शाळांना खाजगी चर्चामंच उभारून देण्याच्या आमच्या सेवेविषयी आपण सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. आपली तक्रार थोडक्यात अशी आहे: शाळेतील शिक्षक आणि कर्मचारी यांच्या आपसांतील चर्चेसाठी मोबाईलवरच्या गप्पांसारखी सुटसुटीत सोय आपल्याला अपेक्षित होती, प्रत्यक्षात पीएचपीबीबी हे जुन्या वळणाचे चर्चामंचाचे सॉफ्टवेअर हाती आले. डिस्कोर्ससारखे आधुनिक सॉफ्टवेअर आम्ही कारण न देता बाजूला ठेवले. मोजक्या माणसांसाठी गट आणि परवानग्या ठरवण्यात विनाकारण वेळ गेला, ईमेलमध्ये मजकूर न येता नुसता दुवा येतो, आणि नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याचे लेखन मंचावर तसेच राहिले. शाळेचे नाव, तेथील माणसे किंवा तेथील चर्चा यांचा उल्लेख मी येथे करणार नाही. खाजगी राहावा म्हणून जो मंच उभारला, त्याच्याविषयी चारचौघांत बोलताना एवढे पथ्य पाळलेच पाहिजे.

निवडीची कारणे आम्ही प्रस्तावासोबतच्या टिपणात दिली होती. ते टिपण सर्व सहकाऱ्यांपर्यंत पोहोचले नसावे असे आपल्या लेखनावरून वाटते, म्हणून ती येथे पुन्हा मांडतो. अशाच निर्णयाच्या उंबरठ्यावर असलेल्या दुसऱ्या एखाद्या शाळेलाही त्यांचा उपयोग होईल.

डिस्कोर्स हे उत्तम सॉफ्टवेअर आहे, याबाबत आपल्यात मतभेद नाही. ते २०१३ मध्ये आले, मोबाईलवर वाचायला अतिशय सुखद आहे, आणि नीट मांडणी केल्यास ईमेललाच उत्तर देऊन चर्चेत भाग घेता येतो. मात्र ते साध्या होस्टिंगवर, म्हणजे अनेक संकेतस्थळे मिळून वापरतात अशा भाड्याच्या सर्व्हरवर, चालत नाही. त्याची अधिकृत उभारणी डॉकर या सॉफ्टवेअर बंदिस्त करून चालवणाऱ्या साधनातून होते, त्याला माहिती साठवणारी पोस्टग्रेस्क्यूएल आणि रेडिस ही सॉफ्टवेअर लागतात, सर्व्हरवर किमान १ जीबी मेमरी लागते, आणि ईमेल पाठवणारी भरवशाची सेवा जोडावी लागते. म्हणजे स्वतंत्र सर्व्हर आला, आणि सर्व्हर आला की त्याची काळजी घेणारा माणूस आला. आपल्याकडे पीएचपी ही संगणकभाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस असलेले साधे सामायिक होस्टिंग आधीपासून होते, आणि संकेतस्थळ सांभाळणारे एकच शिक्षक होते, ज्यांचा दिवस तासिकांमध्ये जातो. अशा ठिकाणी डिस्कोर्स उभारून देणे आम्हाला सहज शक्य होते. पण पुढे एखादे अद्यतन अर्ध्यावर अडकले, तर त्या शिक्षकांनी कमांड लाइनवर, म्हणजे सर्व्हरला टंकलिखित आज्ञा देण्याच्या पडद्यावर, काय करायचे, याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. तयार होस्टिंग घेण्याचा, म्हणजे डिस्कोर्स बाहेरच्या कंपनीकडून चालवून घेण्याचा, पर्यायही आम्ही टिपणात लिहिला होता. कर्मचाऱ्यांची चर्चा बाहेरच्या सेवेवर ठेवायची नाही, असा निर्णय शाळेने घेतला. तो निर्णय मला योग्य वाटतो, परंतु त्यामुळे पर्याय कमी झाले, हेही मान्य करावे लागेल.

फ्लॅरम या चर्चामंचाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरचाही आम्ही विचार केला होता. दिसायला ते देखणे आहे, हलके आहे आणि साध्या होस्टिंगवर चालू शकते. त्याची पहिली स्थिर आवृत्ती २०२१ मध्ये आली. अडचण अशी, की चर्चेला फाईल जोडण्यासारखी गोष्टसुद्धा त्यात वेगळे एक्स्टेन्शन (जोड-सॉफ्टवेअर) बसवून मिळवावी लागते, आणि ती एक्स्टेन्शन्स मूळ सॉफ्टवेअरच्या गतीने अद्ययावत होतीलच असे नाही. शाळेच्या चर्चेत वेळापत्रके, प्रश्नपत्रिकांचे मसुदे, बैठकांची इतिवृत्ते यांच्या फाईली रोजच येणार. तेवढ्यासाठी आम्ही ते सोडले.

पीएचपीबीबी २००० पासून आहे, आणि ते वय त्याच्या रूपावर दिसते, हे आपले निरीक्षण अचूक आहे. मी त्याची शिफारस केली ती मुख्यतः दोन कारणांसाठी: ते शाळेच्या आहे त्या होस्टिंगवर चालते, आणि कोणाला काय दिसावे हे त्यात फार बारकाईने ठरवता येते. आपला मंच खाजगी आहे, तेव्हा हे दुसरे कारण माझ्या दृष्टीने निर्णायक होते. जोडलेल्या फाईलींचेच उदाहरण घ्या. पीएचपीबीबीमध्ये फाईल थेट पत्त्यावर उघडत नाही. मागणी एका वेगळ्या पानावरून जाते, आणि मागणाऱ्याला तो विभाग वाचण्याची परवानगी आहे का हे तेथे तपासले जाते. प्रश्नपत्रिकेच्या मसुद्याचा दुवा चुकून पालकांच्या गटात गेला, तरी लॉगिन नसलेल्याला ती फाईल मिळत नाही. डिस्कोर्समध्येही फाईली सुरक्षित ठेवता येतात, पण त्यासाठी वेगळ्या सेटिंग्ज जाणीवपूर्वक चालू कराव्या लागतात.

आता परवानग्यांना लागलेल्या वेळाविषयी सविस्तर लिहितो, कारण आपला रोष येथे सर्वाधिक आहे आणि माझ्या मते हेच काम सर्वांत महत्त्वाचे होते. माणसे थोडी असली की परवानग्या सोप्या होतात, असा समज असतो. छोट्या शाळेत नेमके उलट घडते, कारण एकच व्यक्ती वर्गशिक्षक असते, परीक्षेचे काम पाहते आणि एखाद्या समितीवरही असते. पीएचपीबीबीमध्ये प्रत्येक परवानगीला तीन उत्तरे असतात: ‘होय’, ‘नाही’ आणि ‘कधीच नाही’. एखाद्या गटाला ‘नाही’ असेल आणि ती व्यक्ती दुसऱ्या एखाद्या गटामुळे ‘होय’ मिळवत असेल, तर दार उघडते. परंतु कोणत्याही एका गटात ‘कधीच नाही’ असे नोंदले असेल, तर बाकी कितीही गटांनी ‘होय’ म्हटले तरी दार बंदच राहते. परीक्षा विभाग इतरांना दिसू नये म्हणून घाईघाईने ‘शिक्षक’ गटाला तेथे ‘कधीच नाही’ दिले असते, तर परीक्षेचे काम पाहणारे सर्व शिक्षकच बाहेर राहिले असते, आणि कारण शोधता शोधता कोणीतरी वैतागून सगळ्यांना सगळे खुले केले असते. ऐन परीक्षेच्या काळात तसे होऊ नये, म्हणून आम्ही मुख्याध्यापकांसोबत बसून प्रत्येक विभाग कोणासाठी आहे हे आधी कागदावर लिहून घेतले, पाहुण्यांचे आणि शोधयंत्रांच्या बॉटचे गट सर्वत्र बंद केले, बाहेरून नोंदणी करण्याची सोय काढून टाकली आणि प्रत्येक गटाच्या नावाने चाचणी खाते करून काय दिसते ते तपासले. हा वेळ वाया गेला असे मी म्हणू शकत नाही. पुढच्या शाळेसाठीही आम्ही एवढाच वेळ देऊ.

ईमेलबाबत आपली गैरसोय खरी आहे, आणि दर वेळी लॉगिन करावे लागते याचा कंटाळा येतो हे मी समजू शकतो. पीएचपीबीबीच्या सूचनेत मूळ मांडणीनुसार विषयाचे शीर्षक आणि दुवा एवढेच जाते. ते आम्ही तसेच ठेवले, कारण पुष्कळ शिक्षकांचे ईमेल घरातल्या सर्वांच्या वापरातील संगणकावर किंवा मुलांच्या हातात असणाऱ्या मोबाईलवर उघडे असते. एखाद्या विद्यार्थ्याच्या आजारपणाविषयी किंवा त्याच्या घरच्या परिस्थितीविषयी सहकाऱ्याने विश्वासाने लिहिलेला परिच्छेद त्या पडद्यावर उमटावा, हे मला मान्य नाही. शीर्षक मात्र ईमेलमध्ये जातेच. म्हणून विद्यार्थ्याचे नाव शीर्षकात लिहू नये अशी सूचना प्रत्येक विभागाच्या वर लावली आहे, तिचे सर्वांनी पालन करावे ही विनंती. दररोज वापरणाऱ्यांनी लॉगिन करताना ‘मला लक्षात ठेवा’ ही खूण केली, तर पुन्हा पुन्हा पासवर्ड द्यावा लागणार नाही. फक्त ते उपकरण स्वतःचे असावे.

गेलेल्या सहकाऱ्याच्या लेखनाबद्दल: खाते काढताना लेखन ठेवायचे की पुसायचे, असा स्पष्ट प्रश्न सॉफ्टवेअर विचारते. आम्ही ठेवण्याचा सल्ला दिला, कारण पुसल्यास त्यांच्या प्रश्नांना इतरांनी दिलेली उत्तरे संदर्भाविना लोंबकळत राहतात आणि एखादा निर्णय का झाला हे नंतर कोणालाच कळत नाही. खाते त्याच दिवशी निष्क्रिय करणे महत्त्वाचे होते, आणि ते झाले आहे. त्यातील विशिष्ट लेखन काढायचे असेल, तर मुख्याध्यापकांचे खाते ते करू शकते.

गप्पांच्या ॲपऐवजी मंच का, हेही सांगतो. दिवसभर वर्गावर असलेल्या शिक्षकाने संध्याकाळी उघडून पाहिले, तर शेकडो संदेशांच्या प्रवाहात सहलीची तारीख नेमकी कोठे ठरली हे त्याला शोधावे लागते. मंचावर सहलीचा विषय वेगळा असतो आणि त्यातील अखेरचे उत्तर हा ठरलेला निर्णय असतो. गप्पांचा वेग हवाच असेल, तर झुलिप या गप्पांच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक संदेश एखाद्या विषयाखाली राहतो आणि ते मला मनापासून आवडते. पण त्यालाही स्वतःचा सर्व्हर लागतो, म्हणजे आपण पुन्हा पहिल्या अडचणीपाशी येतो.

आपण विचारलेली नाही, पण या निमित्ताने सर्वांना कळावी अशी एक गोष्ट आहे. मंचावरील खाजगी संदेश हे इतर सदस्यांपासून खाजगी असतात, डेटाबेस ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यापासून नव्हे. त्यांना टोकापासून टोकापर्यंतचे कूटबंधन, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांच्याशिवाय कोणालाच मजकूर वाचता येऊ नये अशी सोय, नसते. म्हणून बालसुरक्षेसंबंधी गंभीर नोंदी या मंचावर लिहू नयेत, असे आम्ही प्रशिक्षणात सांगितले होते. तसेच व्यवस्थापन पटलातून घेतलेल्या बॅकअपमध्ये केवळ डेटाबेस येतो. जोडलेल्या फाईलींचा फोल्डर स्वतंत्रपणे उतरवून घ्यावा लागतो. त्याचे लेखी टिपण संगणक शिक्षकांकडे आहे.

रूपाविषयी करता येण्याजोगे पुष्कळ आहे. २०१४ मधील ३.१ आवृत्तीपासून पीएचपीबीबीची मूळ मांडणी मोबाईलच्या पडद्यानुसार जुळवून घेते, आणि तिच्यावर नीटनेटकी, मोठ्या अक्षरांची नवी शैली आम्ही करारातील देखभालीतच बसवून देऊ. आपल्यापैकी दोन-तीन शिक्षकांनी नमुना पाहून पसंती कळवावी, म्हणजे ती सर्वांच्या सोयीची होईल.

हे सर्व वाचूनही शाळेला डिस्कोर्सच हवे असेल, तर मी आड येणार नाही. पीएचपीबीबीमधील सदस्य, विषय आणि जोडलेल्या फाईली डिस्कोर्समध्ये नेण्यासाठी तयार स्क्रिप्ट उपलब्ध आहे, त्यामुळे आजवरचे लेखन वाया जाणार नाही. गट आणि विभाग यांचा कागद आपल्याकडे आहेच, त्यावरून नव्या ठिकाणच्या परवानग्या लावता येतील. फक्त सर्व्हरची अद्यतने आणि बॅकअप कोण पाहणार, त्या व्यक्तीचे नाव मुख्याध्यापकांनी आम्हाला लेखी कळवावे. ते मिळाल्यावर आम्ही स्थलांतराचे वेळापत्रक सुट्टीच्या काळात धरून पाठवू.

आपला विश्वासू,
संचालक