कोविड बॅच म्हणे

आज कॅन्टीनमध्ये एका सीनियरने डबा उघडता उघडता विचारलं, "तू कोविड बॅच ना? मज्जा होती राव तुमची, घरबसल्या पास!" सगळे हसले. मीही हसलो. तेव्हापासून डोकं फिरलंय.

मज्जा? आमची सीईटीच ऑक्टोबर 2020 मध्ये झाली. इंजिनिअरिंगचे वर्ग भरायला पुढचं साल उजाडलं, आणि माझा वर्ग म्हणजे गावातली गच्ची. पाण्याच्या टाकीला टेकून बसायचं, कारण रेंज तिथेच. साठ काळे चौकोन आणि "आवाज येतोय का?" विचारणारे सर. कुणी उत्तरच द्यायचं नाही. बिचारे.

लेक्चर संपलं की पटापट चौकोन गळायचे आणि दोन उरायचे. मी आणि रोल नंबर 47. आधी वाटलं, याचं नेट अडकलंय. मग एकदा त्याचा माइक चालू राहिला आणि कुकरची शिट्टी ऐकू आली. मी म्हटलं, "काय शिजतंय?" बराच वेळ काहीच नाही. मग, "वरण." एवढंच. त्या दिवसापासून रोज थांबायला लागलो. बोलणं फारसं नाहीच. त्याचा कुकर, माझ्याकडचा वारा.

आई म्हणायची, घर भरलेलं आहे, एकटं कसलं वाटतंय तुला? नऊ माणसं होतो घरात. पण अठराव्या वर्षी घरचे पुरत नाहीत हो! तिला हे कसं सांगणार?

हो, परीक्षेत व्हॉट्सअॅपवर उत्तरं फिरली. मीही घेतली. आणि ज्यांची माणसं गेली, ज्यांच्याकडे फोनच नव्हता, त्यांच्यापुढे माझं रडगाणं काहीच नाही. मान्य. म्हणून ती मज्जा होते का? वर्कशॉपचा जॉब, म्हणजे हाताने घडवायची वस्तू, नुसती व्हिडिओत बघून जर्नल लिहिलेली पोरं आम्ही. वर हे ऐकून घ्यायचं.

20 ऑक्टोबर 2021 ला कॉलेजं उघडली. हजेरीत "प्रेझेंट सर" ऐकलं आणि आवाजावरून 47 ओळखला. शेजारी जाऊन बसलो. दोघांनाही काय बोलावं सुचेना. शेवटी मीच विचारलं, "वरण?" मास्कमागे हसला असावा.

जाऊ दे. त्या सीनियरलाही तेव्हा नोकरीची धाकधूक असेलच, आपल्याला काय माहीत.

47, मागच्या रविवारी तुझा फोन मी कापला. कामात नव्हतो, नुसता कंटाळा आला होता. आज रात्री लावतो. बोलायचं नसेल तर नको बोलूस, फक्त ठेवू नकोस.