घरचीच ना?

आज सकाळी नाशिकच्या गंगापूर रोडला पेठ तालुक्याकडची एक मावशी नागली, म्हणजे नाचणी, विकत बसली होती. गाडीतून उतरलेल्या बाई म्हणाल्या, "घरचीच ना तुमची? मग एवढा भाव कशाला?" डोकंच फिरलं.

घरची म्हणजे काय, ते ऐका. उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, गवत आणि वर मातीचा थर असा राब रचायचा, रोपं वाढवायची जागा भाजून घ्यायला. पेटवायचा वाऱ्याच्या उलट बाजूनं, म्हणजे आग धुमसत सरकते. भडकली तर वरचं गवत तेवढं जळतं, तणाचं बी खाली तसंच. वळीव आधी आला तर राब भिजला, मेहनत पाण्यात. मग पेरणी, आणि रोप तीन-चार आठवड्यांचं झालं की भर पावसात, उतारावर, ओणव्यानं आवणी, म्हणजे रोपांची लावणी. कणसं एकदम पिकत नाहीत, म्हणून दोन खेपांत खुडायची. वाळवा, बडवा, पाखडा. घरची!

आवणी एका घराच्यानं होत नाही. म्हणून सावड: आज आम्ही तुमच्याकडे, उद्या तुम्ही आमच्याकडे. दिवसाला दिवस, पैशाचं नाव नाही. आता अर्धं घर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागेत. नागली काढणीला येते तेव्हाच बागेत छाटणीची घाई, आणि मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली, सुटायचं कसं? ज्याला दिवस फेडता येत नाही त्याच्या आवणीला पुढच्या वर्षी कोण येणार? मग मजूर लावा, त्याला रोज द्या, आणि त्या रोजासाठी पुन्हा बागेत जा. नाशिकला बिऱ्हाड हलायच्या आधीच गाव असं आतून हललेलं असतं.

बरं, राबासाठी झाडं ओरबाडली जातात, मान्य. बागेच्या रोजावरच पोरं शिकली, तेही मान्य. डोंगरात राहा म्हणणारे आपण कोण?

पण २०२३ ला भरडधान्य वर्ष म्हणून केवढं कौतुक केलं आपण! नाचणीच्या बिस्किटांची छापील किंमत निमूट मोजतो, तिथं नाही विचारत "घरचीच ना?"

जाऊ दे. त्या बाईंच्या आजीकडेही पापड लाटायला शेजारणी जमत असतीलच. तीही सावडच की. फ्लॅटच्या बंद दारामागं ती कुठून आठवणार?

शेवटी दहा रुपये कमी झाले. किलो भरल्यावर मावशीनं सवयीनं वर आणखी मूठभर टाकली. बाईंनी पिशवी जरा पुढं केली.