मासा आधीच शिजलाय, आता जरा भाजीकडे बघा

काल रात्री पावणेनऊला घरात शिरले आणि सव्वानऊला जेवत होते. तेवढ्यात ताईचा फोन. "काय केलंस जेवायला?" म्हटलं, पास्ता. डब्यातला टूना आणि ब्रोकोली घालून. पलीकडे क्षणभर सामसूम. मग अगदी मायेनं, "अगं, इतकी दमली होतीस का?"

त्या "इतकी"वर माझा सगळा राग आहे. दमले होते, खरंय. पण कुणी ताजा मासा साफ करून हातात दिला असता तरी काल मी हाच पास्ता केला असता. डबाबंद माशाचं नाव काढलं की लोक आजाऱ्याची विचारपूस करावी तसा सूर लावतात. करणाराही लगेच सफाई द्यायला लागतो: वेळच नव्हता, घरात काही नव्हतं, आजच्या दिवस चालवून घेतलं. मी सफाई देणं केव्हाच सोडलंय. हा पदार्थ बहुतेकांचा बिघडतो हे मान्य, पण डब्याचा त्यात काही दोष नसतो. आपण शिजलेला मासा पुन्हा शिजवत बसतो आणि भाजीला मात्र दोन मिनिटांत उरकतो.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. पहिल्यांदा केला तेव्हा कांदा परतला, त्यावर टूना ओतला आणि "कच्चेपणा जायला हवा" म्हणून पंधरा मिनिटं झाकण ठेवून मंद आचेवर शिजवला. वरून ढोबळी मिरचीचे चार तुकडे, रंगापुरते. जे तयार झालं त्याला भुसा म्हणणं हा भुशाचा अपमान ठरेल. जेवणारे सभ्य होते, पाण्याच्या घोटाबरोबर गिळून त्यांनी ताटल्या रिकाम्या केल्या.

कच्चेपणा कसला डोंबलाचा! टूना सहसा आधी वाफवतात, मग साफ करून डब्यात भरतात, डबा सीलबंद करतात आणि तो बंद डबा दाबाखाली ११५ ते १२१ अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात. क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू साध्या उकळीला दाद देत नाहीत, त्यांच्यासाठी हा खटाटोप. म्हणजे आपल्या हातात येईपर्यंत मासा दोनदा शिजून झालेला असतो. सार्डिनचे, म्हणजे तारलीचे, काटे डब्यात इतके मऊ पडतात की सरळ चावून खाता येतात, तेही याच उष्णतेमुळे. त्या काट्यांतलं कॅल्शियम ही वरकमाई. अशा माशाला आपण फक्त कोमट करायचं. गॅस बंद केल्यावर गरम पास्त्यात मोठे मोठे तुकडे टाकायचे, दोनदा हलक्या हातानं खालीवर करायचं, बास. चमच्यानं रगडून त्याचा लगदा करणाऱ्यांचं आणि माझं जमत नाही.

अँकोव्ही या चिमुकल्या माशाची जात वेगळी. ती शिजवलेली नसते, मिठात महिनोन्‌महिने मुरवलेली असते आणि मग तेलात भरलेली. उष्णतेनं निर्जंतुक केलेली नसल्यामुळे तिची न उघडलेली बाटलीही थंड जागीच बरी. तिला मात्र सुरुवातीलाच घालायचं. मंद आचेवर तेल, ठेचलेला लसूण आणि तीन-चार अँकोव्ही. मिनिटा-दोन मिनिटांत त्या विरघळून दिसेनाशा होतात आणि मागे राहते फक्त खारट, खोल चव. (दिसत नाहीत म्हणून मासे न खाणाऱ्या पाहुण्याला न सांगता वाढू नका. हे सांगायची वेळ यावी याचं मला वाईट वाटतं, पण एकीनं हे माझ्यादेखत केलेलं आहे.)

आता भाजी. मासा तयार आहे म्हणजे आपल्याकडे वीस मिनिटं शिल्लक आहेत आणि ती सगळी भाजीची. हा शोध माझा नव्हे. इटलीच्या पुल्यामध्ये ओरेक्येत्ते नावाचा कानाच्या पाळीसारखा पास्ता चीमे दी रापा या किंचित कडवट पालेभाजीबरोबर करतात. भाजी पास्त्याच्याच पाण्यात मऊ होईस्तोवर शिजते, अँकोव्ही असते ती जेमतेम चवीपुरती. व्हेनिसच्या बीगोली इन साल्सा नावाच्या पास्त्यात खारवलेले मासे असतात, पण खरा ऐवज म्हणजे ढीगभर कांदा, अगदी संथपणे शिजून गोड झालेला. सिसिलीच्या सार्डिनच्या पास्त्यात ताजी सार्डिन असते खरी, पण तो ओळखला जातो रानबडीशेपेच्या हिरव्या पाल्यानं. बरोबर बेदाणे, चिलगोजे, केशर. सार्डिन परवडली नाही किंवा मिळाली नाही तर तोच पास्ता माशाविना करायचा आणि त्याला नाव द्यायचं "समुद्रातच राहिलेल्या सार्डिनचा पास्ता". हे नाव ठेवणाऱ्याला मी मनापासून नमस्कार करते.

म्हणून माझं प्रमाण असं: दोघांसाठी १६० ते २०० ग्रॅम पास्ता, एक डबा मासा आणि भाजी पास्त्याहून जास्त. निदान दुप्पट. चिरून ठेवलेली बघितल्यावर "हे फार होतंय" असं वाटलं की समजावं, आता बेताची झाली.

ब्रोकोलीचं सांगते, कारण काल तीच होती. देठ टाकायचं नाही. वरची जाड साल तासायची आणि आतला गर बारीक चिरायचा, तो तुऱ्यांपेक्षा गोड असतो. पसरट कढईत तेल, लसूण, सुक्या मिरचीचे तुकडे, त्यावर देठाचे काप. तुरे मात्र पास्त्याच्या पातेल्यात, पास्ता काढायच्या चारेक मिनिटं आधी. मग दोन्ही एकत्र आले की काही तुरे हलवताना फुटतात, आणि तोच चुरा पास्त्याला चिकटून सॉस होतो. कचकचीत हिरवीगार ब्रोकोली हवी असणाऱ्यांनी ती सॅलडमध्ये खावी. इथं ती थोडी मोडायलाच हवी. फ्लॉवरचंही हेच, फक्त तो आधी कढईत डाग पडेपर्यंत भाजला तर चव बदलते. पालक अगदी शेवटी, मूठमूठ. फ्रोझन मटारला कसलीच लाज नाही. टोमॅटो घालणार असाल तर मोठ्या आचेवर, साल सुटून रस आटेपर्यंत. अर्धकच्च्या टोमॅटोचं पाणी आणि टूना ही जोडी मला सोसत नाही.

पाण्याबद्दल थोडं. नेहमीचा इटालियन हिशोब १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ. मी दोन्ही कमी करते. मीठ कमी, कारण डब्यातला मासा स्वतःचं मीठ घेऊन येतो (अँकोव्ही असेल तर आणखी कमी). पाणी कमी, कारण पास्त्यातून सुटणारा स्टार्च थोड्या पाण्यात दाट उतरतो आणि मला तो हवा असतो. हे गढूळ पाणी एक कपभर काढून ठेवल्याशिवाय पास्ता निथळायचा नाही. तेल आणि पाणी एरवी एकमेकांची तोंडं बघत नाहीत, पण पाण्यात स्टार्च असला आणि कढई जोरात हलवली की दोन्ही मिळून सायीसारखं होतं. क्रीम लागत नाही. उकळत्या पाण्यात तेल सोडणं मात्र थांबवा, ते वर तरंगतं आणि सिंकमध्ये जातं. पास्ता पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी काढायचा, उरलेला कढईत त्या पाण्याबरोबर शिजतो. ड्युरम गव्हाच्या रव्याचा असेल तर तो ही ओढाताण सहन करतो. इटलीत १९६७ साली सुक्या पास्त्याला ड्युरमच हवा असा कायदाच केला, त्यामागे काही कारण असणारच.

गॅस वाचवायचा असेल तर आणखी एक युक्ती आहे, आणि ती फेसबुकवरूनच गाजली. २०२१ चे भौतिकशास्त्रातले नोबेल विजेते जॉर्जो पारिसी यांनी २०२२ मध्ये तिथंच एक पोस्ट शेअर केली होती: पाण्याला उकळी आली की पास्ता टाका, दोन मिनिटांनी आच बंद करा, झाकण ठेवा. शिजायला उकळी लागत नाही, उष्णता लागते. इटलीत गदारोळ झाला, शेफमंडळी रागावली. मी करून बघितलं. पास्ता शिजतो, दोन-तीन मिनिटं जास्त लागतात आणि झाकण काचेचं नसेल तर उघडून बघायचा मोह आवरत नाही.

डब्यातलं तेल फेकू नका, एवढी एक विनंती. ऑलिव्ह तेलातला मासा असेल तर लसूण त्याच तेलात परता. माशाची चव आणि थोडंफार ओमेगा-३ त्यात उतरलेलं असतं. तेल भिकार असेल तर तो डबाच पुढच्या वेळी घेऊ नका. मिठाच्या पाण्यातला मासा मात्र निथळून घ्यावा. कुठला मासा घ्यायचा? मी तरी टूनापेक्षा सार्डिन आणि बांगड्याच्या बाजूची आहे. चव जास्त, आणि लहान माशांत पारा कमी साठतो. टूनातही अल्बाकोर जातीत स्किपजॅकपेक्षा पारा साधारण तिप्पट असतो, म्हणून गरोदर बायकांना आणि मुलांना अल्बाकोर बेतानंच द्यावा असं अमेरिकेचं अन्न-औषध प्रशासन (एफडीए) सांगतं. फ्रान्समध्ये तर सार्डिनचे डबे वाइनसारखे वर्षानुवर्षं जपणारे लोक आहेत, मधूनमधून उलटे करून ठेवतात म्हणे तेल सारखं मुरावं म्हणून. माझ्याकडे डबा तीन आठवडे टिकला तर मी स्वतःचं कौतुक करते. फुगलेला किंवा शिवणीवर चेपलेला डबा असेल तर चव न घेता टाकून द्या, तिथं काटकसर नको.

चीज घालावं का, यावर लोक भांडतात. माशावर चीज नको हा इटालियन दंडक कडक समजला जातो, मोडणारे तिथंही आहेत. मी घालत नाही, पण धर्म म्हणून नव्हे. दक्षिण इटलीत चीज परवडत नसे तेव्हा शिळ्या पावाचा चुरा तेलात खरपूस भाजून वर भुरभुरायचे, आणि तो चुरा माशाच्या पास्त्यावर चीजपेक्षा दसपट चांगला लागतो. मऊ भाजी, मऊ मासा, मऊ पास्ता. दाताखाली काहीतरी कुरकुरायला हवंच की. वर लिंबाची किसलेली साल आणि दोन थेंब रस, गॅस बंद केल्यावर.

परवा डब्याची रिंग तुटून हातात आली आणि ओपनर सापडेना, तेव्हा एक गोष्ट आठवून हसू आलं. निकोला अपेरनं बाटल्यांत अन्न टिकवायची रीत शोधली म्हणून फ्रेंच सरकारनं त्याला १८१० मध्ये १२,००० फ्रँक दिले, त्याच वर्षी पीटर ड्युरँडनं इंग्लंडमध्ये पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं, आणि डबा उघडायच्या खास हत्याराची पेटंटं आली १८५५ मध्ये इंग्लंडात आणि १८५८ मध्ये अमेरिकेत. मधली चाळीसेक वर्षं माणसं छिन्नी-हातोडी घेऊन जेवायला बसत होती. मी पान्यानं उघडला.

एक राहिलंच. डबा रिकामा झाला की तिथल्या तिथं विसळा, तेच पास्त्याचं उरलेलं गरम पाणी वापरून. कचऱ्याच्या डब्यात तसाच टाकला तर सकाळी स्वयंपाकघरात बंदर उघडल्यासारखा वास येतो. हे मला पक्कं माहीत आहे, आणि आज सकाळीही आलाच.