दहशतवाद केवळ बंदुकीनेच संपतो का?

प्रत्येक मोठ्या हल्ल्यानंतर एक दावा हातोहात फिरतो: संशयितांना खटल्याविना डांबा, लष्कराला मोकळीक द्या आणि चर्चेचे नाव काढू नका, म्हणजे दहशतवाद संपेल. त्यामागचा संताप मला परका नाही. निरपराधांचे मृतदेह पाहून तो कोणालाही येईल. परंतु या तिन्ही उपायांचा अनुभव जगाने घेतलेला आहे.

खटल्याविना स्थानबद्धतेचा उपाय ब्रिटनच्या ताब्यातील उत्तर आयर्लंडमध्ये, ब्रिटनपासून वेगळे होऊ पाहणाऱ्या सशस्त्र गटांविरुद्ध, ऑगस्ट १९७१ मध्ये योजला गेला. पहिल्याच दिवशी ३०० हून अधिक लोकांना उचलण्यात आले, मात्र याद्या जुन्या असल्याने त्यांतील अनेकांचा या गटांशी काहीही संबंध नव्हता. हिंसाचार ओसरण्याऐवजी उफाळला आणि १९७२ हे त्या संघर्षातील सर्वाधिक बळींचे वर्ष ठरले. निर्दोष माणूस तुरुंगात गेला की त्याची सारी वस्ती पोलिसांशी बोलेनाशी होते, आणि पुढच्या कटाची कुणकुण तर तिथूनच लागायची असते.

लष्कराच्या मोकळिकीबाबत पेरूचे उदाहरण बोलके आहे. ‘शायनिंग पाथ’ या माओवादी बंडखोर संघटनेविरुद्धच्या कारवाईत लष्कराच्या हातून असंख्य खेडूत मारले गेले, तरीही म्होरक्या अबिमाएल गुझमान हाती लागला नाही. अखेर पोलिसांच्या एका छोट्या गुप्तचर पथकाने राजधानी लिमातील एका घरावर महिनोन्महिने पाळत ठेवली, तिथला कचरासुद्धा तपासला, आणि १२ सप्टेंबर १९९२ रोजी कोणाचाही जीव न घेता त्याला पकडले. त्यानंतर संघटना झपाट्याने खचली. श्रीलंकेत तमिळ वाघांना (एलटीटीई) २००९ मध्ये लष्करानेच संपवले, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र त्यांच्या ताब्यात भूभाग होता, स्वतःचे आरमार होते, आणि त्या विजयाची भयंकर किंमत सामान्य तमिळ नागरिकांनी मोजली. शहरात लपलेल्या चौघांविरुद्ध तोफा काय कामाच्या?

चर्चा म्हणजे शरणागती, हेही खरे नाही. उत्तर आयर्लंडमधील संघर्ष मिटवणाऱ्या १९९८ च्या गुड फ्रायडे करारात ब्रिटनने तो प्रदेश सोडून दिला नाही; त्याचे भवितव्य तेथील बहुमतावर सोपवले. निव्वळ संहारच हवा असलेल्या गटाशी बोलणी अशक्य असतात, पण तो ज्यांच्यातून माणसे भरती करतो त्यांच्याशी ती नेहमीच शक्य असतात.

त्यामुळे हल्ल्यानंतर सरकारला मी आधी विचारेन की कोणती माहिती कोणाकडे अडकून राहिली होती. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेत विमाने पळवून हल्ला करणाऱ्यांपैकी दोघे सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेला आधीच ठाऊक होते. ती माहिती देशांतर्गत तपास करणाऱ्या एफबीआयपर्यंत वेळेत पोहोचली नाही.